दुपारची विशाखा

हैदराबादहून निघालेली गाडी देगलूरच्या घरापुढं थांबली, तेव्हा विशाखा मागच्या सीटवर गाढ झोपली होती. टोरांटो सोडल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि लागला तो नेमका सासरच्या दारात. "झोपू द्या तिला, आई. उठली की येईल," आनंदराज म्हणाला. गाडी कडुनिंबाच्या सावलीत होती, काचा अर्ध्या उघड्या होत्या, डिसेंबरचं ऊन मवाळ होतं. सात वर्षांची लुंबिनी उड्या मारत आजीकडं पळाली. बॅगा उतरल्या. यात वावगं असं काहीच नव्हतं.

विशाखाला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. डोळे चोळत ती दाराशी आली आणि उंबऱ्यात थांबली. या घरात एक रीत होती. लांबून आलेल्या माणसाच्या पायावर सासूबाई, म्हणजे पारूबाई, तांब्याभर पाणी घालायच्या आणि मगच आत घ्यायच्या. सासरे नरसिंगराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, अंगारेधुपारे म्हटलं की टिंगल करणारे. पण या पाण्याला त्यांनीही कधी नाव ठेवलं नव्हतं. लातूरचं माहेर वडिलांबरोबर संपलं, तेव्हापासून विशाखाला त्या तांब्याचं फार अप्रूप होतं. आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे, हे त्या गार पाण्यानं तिला पटायचं.

पारूबाई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

"पाणी न्हाई का घालायचं, आई?" विशाखानं हसत विचारलं.

"आगं, मघाशीच घातलं की. चहा बी पिलीस."

अर्धवट झोपेत येऊन गेले असेन आणि परत गाडीत जाऊन पडले असेन, असं तिनं ठरवून टाकलं. ती तिकडं औषधाच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. कारण सापडलं की घाबरायचं नाही, हा तिचा शिरस्ता. तरी आत जाता जाता तिनं खाली पाहिलंच. पाय कोरडे होते, आणि चपलेच्या पट्ट्यांभोवती प्रवासाची धूळ तशीच होती.

लुंबिनीचं घड्याळ दोन दिवसांत जुळलं. पोरांचं बरं असतं, जिथं खेळ तिथं दिवस. आनंदराजही आईच्या हातची भाकरी पोटात पडली तसा रात्री घोरायला लागला. अडकली ती एकटी विशाखा. रात्रभर टक्क जागी, आणि दुपारी जेवण झालं की पापण्यांना जणू कुणी दगड बांधायचं. मग जी झोप लागायची ती थेट दिवेलागणीला उतरायची.

वाईट तिला वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. या सुट्टीसाठी तिनं वर्षभर रजा साठवली होती. टोरांटोत लुंबिनी तिला भेटायची ती सकाळी दप्तर भरताना आणि रात्री पांघरूण घालताना. इथं दिवसच्या दिवस पोरगी आपली असेल, एवढं एकच तिनं मागितलं होतं. आणि आता लेकीची तोंडओळख तेवढी उरली होती, तीही अंधारात. घर झोपलं की ती लुंबिनीच्या उशाशी बसून राही. तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. इतकं एकटं तिला परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यातही वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती उठून बाहेर आली, तर लुंबिनीच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी लावून वर बांधलेल्या.

"आजीनं घातल्या?"

"तूच की," लुंबिनी म्हणाली. इथलं बोलणं तिनं भराभर उचललं होतं. "आई, तू दुपारी लई छान असतीस."

विशाखाला वेणी घालता येत नव्हती. तिची आई ती लहान असताना गेली, नंतर हॉस्टेलमध्ये केस कापलेलेच राहिले. लुंबिनीचे केस ती नेहमी रबर लावून सोडून द्यायची.

शेजारच्या शिवकांताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काल किती हसवलीस बाई मला. पोट दुखायलंय अजून." पारूबाई म्हणाल्या, सून यंदा अंगणात रमली. नरसिंगरावांनी तर संध्याकाळच्या बुद्धवंदनेनंतर तिच्या आवाजाचं कौतुक केलं. दुपारी पोरीला गाणं शिकवताना ऐकला म्हणे. सगळे तिच्यावर खूश होते. ज्या तासांसाठी खूश होते, ते तास तिच्यापाशी नव्हते.

"झोपेत चालत असशील," आनंदराज म्हणाला. "परत गेल्यावर डॉक्टरला दाखवू."

"आणि झोपेत वेण्या घालते? गाणं म्हणते?"

"ते काय ते माहीत नाही. पण खरं सांगू का, चालत असशील तर चालत जा. तिकडं जागेपणी तरी कुठं इतकं बोलतेस?"

तो चेष्टेनं बोलला होता. तिला ते लागलं. मग त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. अंगणात तुरीच्या शेंगांचं पातेलं, मांडीवर लुंबिनी, आणि विशाखा. तीच होती. तिचंच नाक, कपाळावरचा तोच व्रण. फक्त चेहरा भरपूर झोप झालेल्या माणसाचा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं आतल्या खोलीत एकटीनं झोपायचं ठरवलं आणि दाराला आतून कडी लावली. खोलीला दुसरं दार नव्हतं, खिडकीला गज होते. उठली तेव्हा कडी जशीच्या तशी होती. तिनं ती काढली आणि जीव भांड्यात पडला. अंगणात लुंबिनी तळहात पुढं करून बसली होती. त्यावर ताज्या मेंदीची नक्षी होती.

"किती सुंदर काढलीस, आई," ती म्हणाली.

विशाखानं तिच्यापुढं बसून तिचे खांदे धरले. "लुंबिनी, नीट बघ माझ्याकडं. दुपारी असते ती मीच असते का?"

पोरीनं खरंच नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती म्हणाली, "मला भीती वाटायलीय तुझी." आणि ती आजीकडं पळाली.

त्यानंतर विशाखानं कुणाला काही विचारलं नाही. परतीचा दिवस जवळ होता. टोरांटोला पोचलं की आपली रात्र रात्र होईल, सगळं जिथल्या तिथं जाईल, असा तिनं हिशेब केला. एका दुपारी जागं राहायचं, बस.

गाडी दुपारीच निघणार होती. त्या दिवशी ती जेवलीच नाही. दोनदा काळा चहा घेतला, डोक्यावरून गार पाणी घेतलं. बॅगा दाराशी लागल्या तशी ती लुंबिनीला जवळ घेऊन बाजेवर बसली आणि आपल्या ओढणीचं टोक तिच्या मनगटाला बांधलं. "हा आपला खेळ," ती म्हणाली. "गाडीत बसेपर्यंत सोडायचं नाही." लुंबिनी हसली. बाहेर आनंदराज ड्रायव्हरशी बोलत होता. कडुनिंबावर होला घुमत होता.

विशाखानं फक्त डोळे मिटून उघडले.

ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं.

ओढणीचं टोक बाजेवर पडलं होतं. गाठ सुटलेली नव्हती. मनगटाएवढा वेढा तसाच होता, आणि तो रिकामा होता.

बॅगा नव्हत्या. तिची पर्स, पासपोर्ट, फोन, काहीच नव्हतं. दारातल्या धुळीत गाडी वळल्याच्या खुणा होत्या. ती अनवाणीच रस्त्यापर्यंत धावली. शिवकांताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हिच्याकडं पाहिलं आणि पदर सावरून आत गेल्या.

ती परत आली.

पारूबाई उंबऱ्यात आल्या होत्या. डोळे रडून लाल झालेले.

"कोण पायजे, बाई?"

"आई, मी. विशाखा."

"हाव?" पारूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्या सुनेचं बी नाव विशाखाच हाय. आत्ताच गेली बघ. मालकबी गेले सोडायला, हैदराबादपस्तोर."

विशाखा एक पाऊल पुढं आली.

"लई लांबून आल्यावानी दिसायलीस," पारूबाई मायेनं म्हणाल्या. "थांब तितंच."

त्या आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. वाकून त्यांनी विशाखाच्या पायावर पाणी घातलं, आधी उजव्या, मग डाव्या. पाणी गार होतं. धूळ वाहून गेली.

त्यांनी तिला बाजेवर बसवलं, चहा दिला, काही विचारलं नाही. अंधारून आलं तसा कोनाड्यातला मोबाइल वाजला. पारूबाईंनी तो डोळ्यांपासून लांब धरला.

"आजी!" लुंबिनीचा आवाज. "आम्ही चहाला थांबलोय. आईनं मला वडा घेतला."

"खा, माय, खा. आई कुठाय?"

"ही काय, इथंच." पडद्याच्या कडेला एक हात आला, पोरीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधू लागला. लुंबिनी पुढं झुकली. "आजी, तुझ्यामागं कोण बसलंय?"

"पाव्हणी हाय."

विशाखा उठून पुढं आली. तिनं फोनजवळ तोंड नेलं. "लुंबिनी. बाळा."

पोरीचं हसू मावळलं. मोठमोठे डोळे पडद्यातून रोखून पाहत राहिले. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली तर काय करायचं, हे विशाखानं तिला शाळेच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं: नमस्कार करायचा, उत्तर द्यायचं नाही, आणि लगेच आईचा हात धरायचा.

लुंबिनीनं मेंदीचे हात जोडले. मग फोन पालथा केला.