दीवला जाणाऱ्या चौघी

मोजणं हेच माझं काम. सातपूरला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीला होते. ट्रेमध्ये शंभर नग म्हणजे शंभरच. नऊ वर्षांत एकदाही कमी-जास्त गेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, "छाया, तुझी मोजताना चूक झाली असेल."

२००२ चा जानेवारी होता. चहाच्या सुट्टीत गोजराबाईंनी वड्याचा तेलकट कागद उलगडला, तर आतून समुद्र निघाला. पेपरातलं चित्र. वाळूचं बेट, वाकडे माड, खाली नाव : दीव.

"पन्नाशी आली," गोजराबाई म्हणाल्या, "पन गंगापूर धरनापल्याड पानी पाह्यलं नाय मी."

तिथंच ठरलं. मी, गोजराबाई, मीना आणि भाग्यश्री. चौघी एकाच लाइनवरच्या. फेब्रुवारीत चार दिवस. सुरतपर्यंत एसटी, तिथून वेरावळची गाडी, मग पुन्हा बस.

घरी सांगितलं तेव्हा माझे यजमान, गोरक्ष, जेवता जेवता थांबले. "चार बायका एकट्या? सोबत कोण?"

"आम्हीच," मी म्हटलं.

सुपरवायझर म्हणाले, एका लाइनच्या चौघींना एकदम रजा मिळणार नाही. मी म्हटलं, "मग त्या दिवशी चौघींना एकदम ताप येईल. तुम्हीच ठरवा." त्यांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रजेच्या चिठ्ठ्या आल्या. पाच.

पाचवीवर आमचंच खातं, आमच्याच तारखा, साहेबांची सही. नावाची जागा कोरी. क्लार्क म्हणाला, "तुम्हीच पाच अर्ज दिले होते." मी ती चिठ्ठी फाडून टाकली आणि विसरले.

रविवारी नाशिकरोडला रिझर्व्हेशनच्या रांगेत उभी राहिले. फॉर्मवर सहा जणांची जागा असते. चार नावं लिहून उरलेल्या दोन ओळींवर तिरकी रेघ मारली. तेव्हाच्या तिकिटावर नावं यायची नाहीत, फक्त बाई की पुरुष, आणि वय. तिकीट हातात आलं ते पाच जणींचं. शेवटची : बाई, वय ३१.

"अहो, आम्ही चौघी आहोत."

खिडकीतल्या माणसाने फॉर्म काचेला लावून दाखवला. चार नावं माझ्या अक्षरात. खाली माझी तिरकी रेघ. आणि त्या रेघेवरून, माझ्याच पेनच्या हिरव्या शाईत, पाचवी ओळ भरलेली. वय नीट कळत होतं. नाव मात्र लागत नव्हतं. लिहायची सवय मोडलेल्या हाताने लिहावं, तशी अक्षरं एकमेकांत शिरलेली.

पेन माझ्या पर्समध्ये होतं. ते मी कुणाला दिलं नव्हतं.

मी तिकीट घेऊन घरी आले. कुणाला बोलले नाही.

दीवच्या हॉटेलला कॉलनीतल्या बूथवरून फोन लावला. मालक गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाला, "हां बहन, आपका फोन आया था ना. दो कमरे, पांच जन. एक खाट खिडकी के पास, दरिया की तरफ."

"किसने फोन किया?"

"आपके साथवाली बहन ने. बहुत धीरे बोलती हैं."

तिघींना विचारलं. तिघींपैकी कुणी फोन केला नव्हता. मग मात्र मला सगळं सांगावं लागलं.

गोष्ट घरोघरी पोचली. भाग्यश्रीच्या सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली. गोरक्ष म्हणाले, "बघ, हा अपशकुनच आहे. तिकीट रद्द कर." त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती, सुटल्याचा आनंद होता. तो मला दिसला, आणि माझ्या पायांत बळ आलं.

कॅन्टीनमध्ये चौघी बसलो. मीना रडत होती. "रद्द करू या गं. पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढचं वर्ष येत नसतं मीने," मी म्हटलं.

गोजराबाई बराच वेळ बशीतला चहा फुंकत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्याला तरी कुठं सोडीत हुते? तिलाबी नसंल सोडीत कोनी. येऊ दे की."

मीनाने डोळे पुसले आणि भाग्यश्रीने सामानाच्या यादीत चादरी चारच्या पाच केल्या.

निघायच्या सकाळी गोरक्ष दारात उभे होते. "काही झालं तर मला सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारून बाहेर पडले.

सुरतची एसटी भरलेली होती. आम्हाला सगळ्यात मागचं लांब बाकडं मिळालं. कंडक्टरने आमच्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "पाच सुरत?"

माझ्या पलीकडे मीना होती. तिच्या पुढे कोण कुठे बसलंय, ते मान वळवून मोजता आलं असतं. आयुष्यभर मी तेच करत आले होते.

मी मोजलं नाही.

"पाच," मी म्हटलं.

त्याने पाच तिकिटं फाडून दिली.

पेठचा घाट लागला. पळस फुलले होते. वारा गार होता, आणि बंद खिडकीकडून ओल्या मिठासारखा वास येत होता. समुद्र अजून दीड दिवस लांब होता.

"भूक लागली," भाग्यश्री म्हणाली.

मी दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन उघडला. पूर्वी, मशीन यायच्या आधी, आमच्या लाइनवर पितळी पट्ट्या हातानेच दाबून बसवायच्या असत. त्याने उजव्या अंगठ्याचं नख चपटं होतं आणि पुन्हा कधी नीट वाढत नाही. दुसऱ्या कुठल्या कामाने तसं होत नाही.

डब्याकडे तीन हात यायला हवे होते.

चार आले.

चारही नखं चपटी होती.

मी वर पाहिलं नाही. चौथ्या हातावर दशमी ठेवली आणि वर थोडी चटणीही घातली. हात जरा थांबला. मग हळूच माझ्या बोटांना लागून मागे गेला.

तो गरम होता.