चित्र : नलिनी

"हे झाड आजारी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

मी दचकलेच. मोहगावला बाबांच्या संत्र्याच्या बागेत मी चित्र काढत बसले होते, आणि खिशात भिंग असलेला एक अनोळखी माणूस झाडाकडे नाही, माझ्या कागदाकडे बघत होता. सौसरच्या शाळेत चित्रकला शिकवते मी. माझ्या चित्राला नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

"आजारी काहून? चांगलं तर आहे."

"चित्र चांगलं आहे म्हणूनच समजलं." खोडावरचे सोनेरी थेंब मी आवडले म्हणून रंगवले होते, त्यांनी तिथेच बोट नेलं. "हा डिंक्या रोग. साल सडून डिंक गळून राहिला. झाडाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं."

असे भेटले अरविंद घागरे, संत्र्याच्या रोगांचे शास्त्रज्ञ. पांढुर्ण्याच्या शेतकरी मेळाव्यासाठी त्यांना डिंक्याचं मोठं चित्र हवं होतं. काढीन म्हटलं, पण खाली माझं नाव हवं. शाळेचे पडदे, गणपतीची आरास, सगळं मी रंगवत आले आणि नाव कुठेच नव्हतं! त्यांच्या साहेबांनी आधी नाहीच म्हटलं. अरविंद त्यांच्याशी भांडून आले, तेव्हा मी ब्रश उचलला.

मग रोज संध्याकाळी बाग... ते भिंगातून सडकी साल दाखवायचे, मी रंग कालवायचे. ते तपकिरी म्हणायचे; मी म्हणायचे, कडेला जळका, मधे मधासारखा. भिंग देता-घेता बोटं लागली, की दोघंही उगाच झाडाकडे बघायचो. तेव्हा बाग ताणावर होती. बहार यावा म्हणून पाणी तोडतात, ते त्यांनी समजावलं; मी शेतकऱ्याची मुलगी, तरी मुकाट ऐकलं. त्यांचं बोलणं मला आवडायला लागलं होतं.

मेळाव्यात चित्र टांगलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं रंगवलेल्या डिंकाला बोट लावलं आणि चिकटतं का ते चोळून पाहिलं. "माह्या बागेत हेच हाय," तो म्हणाला. माझी मान अशी ताठ झाली, की अरविंदांनी खाली लिहिलेली ओळ वाचायला वेळच लागला.

संशोधन : अरविंद घागरे. चित्र : नलिनी —

पुढे कोरं! मी तरातरा त्यांच्याकडे गेले. "माझं आडनाव कुठं गेलं?"

ते कानापर्यंत लाल झाले. "उद्या हे नागपूरला छापायला जाते... कळंबे लिहू, का घागरे, ते विचारायचं राहून गेलं."

आजूबाजूला एवढी माणसं. मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"लई ताण दिला तुम्ही," मी म्हटलं.

पिशवीतून ब्रश काढला आणि कोऱ्या जागेत ठसठशीत लिहिलं — कळंबे. त्यांचा चेहरा पडला. मला हसू आवरेना.

"चित्र कळंब्यांच्या नलिनीनं काढलं, तेच राहील. आता बाबांना भेटायला या... आपल्या पत्रिकेवरचा गणपतीही मीच काढीन."

"आणि त्याच्याखाली?"

"नाव टाकीन ना. तिथं घागरे चालेल."