टाकीतली हवा

"आमच्या ह्यांनी विडी पेटवली नव्हती," बसायच्या आधीच बाईने सांगून टाकले. "तेवढं शोधून द्या. उद्या लेक विचारेल. बाप स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला, असं मी तिला सांगणार नाही."

तिचा नवरा वेल्डर. नव्या लोखंडी टाकीत उतरून आतून जोड मारताना जळून गेला. कारखानदाराने विडीचे नाव घेतले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

खासगी तपास करणाऱ्या मावशींनी चष्मा चढवला. त्यांचे यजमान, सगळ्यांचे काका, स्कूटर काढायला गेले. तपासात त्यांचे काम तेवढेच, असे मावशी म्हणत. काकांना ते मुळीच मान्य नव्हते.

टाकी शेडच्या मधोमध आडवी पडली होती. वर जेमतेम माणूस उतरेल एवढे तोंड. शेजारी आत हवा सोडायचा पंखा, वायरी सुटलेल्या, वर धुळीचा थर.

"दुरुस्तीला टाकायचाच होता," कारखानदार पुटपुटला. "पण विडी ओढल्यावर कोण काय करणार?"

"आत थिनर असेल, रॉकेल असेल!" काकांनी तर्क लढवला.

"टाकी कोरी आहे. अजून रंगसुद्धा लागलेला नाही," मावशी म्हणाल्या.

लोखंड कापणाऱ्या कारागिराने वेल्डरला बाहेर ओढले होते. त्याचे हात अजून पट्ट्यांत होते.

"ठिणग्या रोजच उडतात, शर्टाला भोकं पडतात," तो म्हणाला. "पण त्या दिवशी चामड्याचा एप्रनसुद्धा भडकला. चामडं असं पेटत नाही हो."

"ह्या कारागिराचं वेल्डरशी वाजलं होतं म्हणे," काका कुजबुजले.

"तरी हात भाजून घेतले त्यानं." मावशी भिंतीजवळच्या दोन सिलिंडरांकडे वळल्या. "आणि ही?"

"कापायला लागतात," कारागीर म्हणाला. "एक गॅस, एक ऑक्सिजन. नवीन जोडली, अजून वापरलीच नाहीत. टाकीत नुसतं विजेचं वेल्डिंग चाललं होतं."

गॅसचा काटा भरलेला दाखवत होता. ऑक्सिजनचा शून्यावर. त्याच्या नळीच्या टोकाचा लोखंड कापायचा टॉर्च सोडवून बाकावर नीट ठेवलेला होता.

"गळलं असेल," काका म्हणाले.

"गळती पाना घेऊन टॉर्च सोडवत नाही हो!"

त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी राखण करायला वेल्डरचे वडील होते. त्यांनीच मुलाला हे काम शिकवले होते. ते कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

"विडीला तो नात झाल्यापासून शिवला नाही," ते म्हणाले. "आत फार कोंडायचं. एकदम भडका उडाला, एवढंच दिसलं."

मावशींनी सगळ्यांना जवळ बोलावले. वेल्डरची बायको, म्हाताऱ्यांची सून, तीही आली. पुढचे बोलणे मावशींना जड जात होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"जळणारं काही आत नव्हतं. तरी चामडं पेटलं. असं एकाच गोष्टीनं होतं. बंद जागेत ऑक्सिजन भरला की साधी ठिणगीही पुरते. कपडे, केस, चामडं, सगळं क्षणात पेट घेतं. सिलिंडर रिकामं आहे, कापलं काहीच नाही. टॉर्च काढून नळी कुणीतरी टाकीत सोडली. बंद पंख्याच्या जागी." त्या म्हाताऱ्यांकडे वळल्या. "तोंडाशी तुम्हीच होतात, बाबा."

"हो, मीच सोडली," म्हातारे सरळ म्हणाले. "गुदमरतंय म्हणाला. दवाखान्यात माणसाला जगवायला तोच देतात ना? मग..."

आणि त्यांना समजले. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून काकांनी मान फिरवली.

"म्हणजे चूक म्हाताऱ्याची!" कारखानदार झटकन म्हणाला.

"पंखा बंद असताना माणूस आत उतरवला कुणी?" मावशी कडाडल्या. "ऑक्सिजन हवेसाठी सोडायचा नसतो, हे कधी सांगितलंत इथं? मी सगळं पोलिसांना सांगणार आहे, तुमच्यापासून सुरुवात करून."

सून सासऱ्यांपाशी जमिनीवर बसली. तिला हवे होते ते मिळाले होते. पण ते असे मिळेल असे तिला वाटले नव्हते. तिने विचारले, "बाबा, ते शेवटी काय बोलले?"

"म्हणाला, बाबा, आता बरं वाटतंय."