अठराव्या गाडीवरचं पाणी

"मॅडम, तुम्ही आमच्या गाड्या मोजताय व्हय?"

मी वही मिटली. मिटायला नको होती, कारण त्यातूनच त्याला उत्तर मिळालं. टपरीच्या बाकड्यासमोर एक उंच, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. खिशात तीन पेनं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. इंद्रजीत शितोळे, डिस्पॅच विभाग; म्हणजे माल भरून गाड्या सोडणारा.

"रस्त्यावरच्या गाड्या आहेत. कुणीही मोजाव्यात," मी म्हणाले.

"मोजा की. फकस्त सिक्युरिटीवाले इचारत व्हते, बाई आरटीओची हाय का युनियनची. म्हणलं, मीच इचारून येतो."

"मग काय सांगाल त्यांना?"

"तुम्ही सांगाल ते."

"एमबीएचा प्रोजेक्ट आहे म्हणून सांगा."

तो हसला, मान हलवली आणि गेटकडे निघून गेला. जाताना एकदा मागे वळून पाहिलं. मी ते पाहिलं हे त्यानं पाहिलं. मंगळवार होता तो.

प्रोजेक्ट वगैरे खोटं होतं. मी सुलक्षणा, वय सत्तावीस, दौंडच्या एका शेअर ब्रोकरकडे कंपन्यांचे आकडे तपासायचं काम करते. गेल्या दिवाळीत माझ्या आत्यानं, चांगुणाआत्यानं, वडगाव रासाईच्या बचत गटाचे पैसे माझ्या हातात ठेवले. अकरा बायकांनी डाळ मिलसाठी जमवलेले. दोन वर्षांत वाढतील असं काहीतरी घे, म्हणाली. मी रांजणगावच्या रेणुगंगा गिअर्सचे शेअर घेऊन दिले. भाव चारशे दहा. घेण्याआधी कंपनीसमोरच्या पाशामामांच्या याच चहाच्या टपरीवर दोन दिवस बसून गेटमधून निघणाऱ्या गाड्या मोजल्या होत्या. दिवसाला अठरा.

मग एप्रिल उजाडला. अमेरिकेनं आयातीवर कर लावला आणि इथला बाजार कोसळला. रेणुगंगाचा माल तिकडेच जातो. एकशे नव्वदवर आला भाव. ऑफिसात फोन थांबेनात, जो तो विका म्हणत होता. घाबरलेल्या बाजाराचा भाव मी खरा धरत नाही. पण कंपनीचा पुढचा तिमाही निकाल यायला सहा आठवडे होते आणि आत्यानं रविवारी बैठक लावली होती. विकायचं की ठेवायचं, ते सुली सांगेल, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. म्हणून मी आठवडाभराची रजा टाकली आणि पुन्हा टपरीवर येऊन बसले.

सोमवारी अकरा गाड्या. मंगळवारी अकरा. पुढच्या रकान्यात प्रत्येक गाडीचा नंबर. अठराच्या अकरा झाल्या म्हणजे कंपनी आजारी आहे, मेलेली नाही. पण एवढ्यावर अकरा बायकांना थांबा म्हणायचं धाडस मला होत नव्हतं.

बुधवारी तो दोन चहा घेऊनच आला.

"पाशामामा म्हणले, तुम्ही बिनसाखरेचा घेता. हे काय वय हाय का बिनसाखरेचं?"

"तुम्हाला माझं वय काय माहीत?"

"न्हाई माहीत. सांगा की मग."

मी सांगितलं नाही. त्यानंच आपली सगळी माहिती सांगून टाकली. गाव कासुर्डी, रांजणगावात खोली, आई भाजी चांगली करते पण मीठ विसरते. माणसाविषयी एवढी माहिती मी सहसा मागत नाही. मागितली नव्हतीच. पण ऐकत होते.

"किती झाल्या आज?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"आन् किती पायजेत?"

"अठरा झाल्या तर बरं होईल..." मी म्हणाले.

तो उठून आत गेला. पंधरा मिनिटांत बारावी गाडी बाहेर आली. मला हसू आलं. गेटच्या आतून तो बघत होता, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी सोळा झाल्या. मी वहीत सोळा लिहिलं आणि मनात रविवारचं भाषण जुळवायला लागले. माल उठतोय, बाजार उगाच घाबरलाय, थांबा. तो दिवसातून तीनदा यायचा. एकदा पेन मागायला आला, स्वतःच्या खिशात तीन असताना.

"तुमच्या प्रोजेक्टात आम्हाला किती मार्क?"

"तुम्ही प्रोजेक्टात नाही."

"मग कशात हाय?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. कान गरम झाले होते. उन्हानं, असं मी स्वतःला सांगितलं... पण टपरीवर सावली होती.

शुक्रवारी दुपारपासून आभाळ भरून आलं. साडेतीनला वळीव कोसळला. पत्र्यावर असा आवाज, की पाशामामांनी रेडिओ बंद करून टाकला. इंद्रजीत गेटपासून धावत आला तो भिजूनच. छप्पर एका बाजूला गळत होतं, त्यामुळे आम्हा दोघांना बाकड्याच्या एकाच टोकाला सरकावं लागलं. त्याची ओली बाही माझ्या हाताला लागत होती. त्यानं हात काढला नाही, मीही काढला नाही. मला ते आवडलं. स्पष्टच लिहिते, कारण आकड्यांच्या सवयीमुळे मला काही फिरवून लिहिता येत नाही.

"सुलक्षणा," वहीवरचं नाव वाचून तो पहिल्यांदाच नावानं बोलला, "प्रोजेक्ट संपला की तुम्ही येणार न्हाई का?"

"का यावं?"

"चहा हाय. मी..."

तेवढ्यात अठरावी गाडी बाहेर पडली. अठरा झाल्या. मी खुशीनं वही उघडली. गाडी समोरच्या गतिरोधकावर चढली, आदळली आणि तिच्या ताडपत्रीवर साचलेलं पाणी भसकन खाली सांडलं. चांगल्या चार बादल्या. अर्धं माझ्या वहीवर.

गिअरच्या पेट्या वरपर्यंत रचल्या की ताडपत्री ताणून बसते. तिच्यावर पाणी थांबत नाही, वाहून जातं. पाणी साचायला ताडपत्री मध्ये खोल जावी लागते, आणि ती खोल जाते ती खाली काहीच नसलं तर. उसाच्या गावातली मुलगी आहे मी, भरलेल्या आणि रिकाम्या गाड्या बघत वाढलेली. हे मला कुणी शिकवायला नको.

"त्या गाडीत काय होतं?" मी विचारलं.

तो ओली बाही पिळायला लागला.

"इंद्रजीत, काय होतं?"

"काय न्हाई."

"अशा किती?"

"बुधवारी एक. काल पाच. आज सात." तो जमिनीकडे बघत होता. "डायवर लोक बसूनच हायत. चक्कर मारून मागच्या गेटनं आत घेत व्हतो, त्याच परत सोडत व्हतो. डिझेल माझ्या पैशानं."

मी हिशेब केला. अकरा, अकरा, अकरा. रोज अकराच.

"रविवारी वडगाव रासाईला अकरा बायका माझ्या शब्दावर पैसे ठेवणार आहेत," मी म्हणाले. "डाळ मिलचे. मी त्यांना अठरा सांगणार होते."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही तर प्रोजेक्ट म्हणला व्हता..."

ते खरं होतं. खोट्याची सुरुवात माझ्याकडूनच झाली होती. तरी मी उठले आणि पावसातच स्कूटी काढली. शनिवारी गेले नाही. दिवसभर घरात बसून त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत तेही नीट जमलं नाही.

रविवारी रासाईच्या देवळाच्या मंडपात बैठक बसली. मी उभी राहून सांगितलं, "दिवाळीत अठरा गाड्या निघत होत्या, आता अकरा निघतात. धंदा कमी झालाय, बंद पडलेला नाही. एकशे नव्वद हा भाव मला कमी वाटतो. पण चारशे दहा लवकर दिसणार नाहीत. दिसतीलच, असंही मी सांगू शकत नाही."

"गुरवारी फोनवर सोळा म्हणलीस की," आत्या म्हणाली.

"माझं मोजण्यात चुकलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी आकड्याची चूक कबूल करत होते, आणि तीही दुसऱ्याची. का, ते तिथं उभं असताना मला कळलं. फार सुखाची भावना नव्हती ती.

"त्यांचं न्हाई चुकलं."

मंडपाच्या खांबाजवळ तो उभा होता. कधी आला होता कुणास ठाऊक. मोटारसायकलची धूळ अजून अंगावर होती.

"अकराच्या वरच्या गाड्या मी रिकाम्या सोडल्या, त्याच त्याच फिरवून. या बाईंनी बरोबर मोजल्या. अकराच धरा."

"कोण रं तू?" आत्यानं विचारलं. त्यानं सांगितलं. "आन् रिकाम्या कशापायी सोडल्या?"

तो एकदा माझ्याकडे बघून थांबला.

"गाडी गेली का ह्या हसायच्या. म्हणून."

अकरा बायका गप्प झाल्या. हे त्या गटात पूर्वी कधी झालं नसावं.

आत्यानं विषय बदलला, किंवा तसं दाखवलं. निम्मे शेअर विकायचे, निम्मे निकालापर्यंत ठेवायचे, असं ठरलं. मिल यंदा छोटी घ्यायची. मी सांगितलं असतं त्याहून हे शहाणपणाचं होतं. मग तिनं चष्मा लावला आणि माझी वही मागून घेतली. गटाचं रजिस्टर तीच लिहिते, त्यामुळे कागद दिसला की तपासल्याशिवाय तिला राहवत नाही. पाण्यानं फुगलेली पानं तिनं एकेक करून सोडवली.

"सुले, सोमवारी नंबर लिवलेत. मंगळवारी लिवलेत. बुधवारपासनं हा रकाना मोकळाच हाय. नंबर लिवले असतेस तर त्याच गाड्या परत भाईर पडताना कळलं नसतं व्हय?"

कळलं असतं. गुरुवारीच कळलं असतं.

"लक्ष नव्हतं, आत्या."

"मग कुठं व्हतं?"

मी वहीकडे पाहिलं, मग खांबाकडे. एवढ्या लोकांत खोटं सांगायला जागा उरली नव्हती.

"त्यांच्याकडं," मी म्हणाले.

आत्यानं चष्मा काढला, वही मिटून माझ्या हातात दिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पाव्हण्याला बसायला द्या कुणीतरी. लांबनं आलाय."