टॅनर्स बेंडची उत्तरपूजा

विरजण देते, सविता, पण थोडा वेळ बस. अनुया पुण्याला माहेरी गेली आहे, अमेय अजून घरी आलेला नाही, आणि तिन्हीसांजेला या घरात मला एकटीला बसवत नाही. हसू नकोस. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला मी, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलेलं आहे. पण आता देवाजवळ दिवा लावला आहे, तो आहे तोवर ऐकून घे.

अमेय काम करतो ती एजन्सी हार्बरफ्रंटला आहे ना, ती परदेशातल्या जमिनी इथल्या लोकांना विकते. मालक होता श्रीनिवास. बोलायला इतका गोड की गळा कापला तरी समोरच्याला उशिरा कळावं. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, त्यानं ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावाजवळचं नदीकाठचं उपनगर विकायला घेतलं. हेरन रीच असं छान नाव होतं. एकदा आमच्याकडे जेवायला आला, ताट उचलल्यावर टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाला, काकू, तुम्ही भूगोलाच्या, प्रदर्शनात आपल्या मराठी लोकांना या जागेचा इतिहास-भूगोल तुम्हीच सांगा.

नकाशा पाहिला आणि माझ्या कपाळावर आठी पडली. नदीनं घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलेलं. बाहेरचा काठ उंच, तिथे चर्च आणि जुने दगडी बंगले. आतला काठ सपाट, सखल, आणि विकायचे प्लॉट नेमके तिथेच. प्लॉट आणि नदी यांच्यामध्ये एक जुना मातीचा बांध, तोही मध्येच तुटलेला. असा काठ पुरात बुडतोच, सातवीतलं पोरही सांगेल. मी तुटलेल्या जागी बोट ठेवलं आणि विचारलं, हा कसा फुटला?

श्रीनिवासचं पोट माझ्या हातच्या पुरणपोळीनं भरलं होतं, त्यामुळे खुशीत सांगून गेला. पूर्वी त्या भागाला टॅनर्स बेंड म्हणत. कातडी कमावण्याचा कारखाना होता. मालकमंडळी उंच काठावर राहायची, कामगारांची लाकडी घरं खाली. मोठा पूर आला, पाणी कारखान्यात शिरायला लागलं, तेव्हा वरच्या लोकांनी खालच्या बाजूचा बांध फोडला. पाणी तिकडे वळलं, कारखाना वाचला, आणि खालची अख्खी गल्ली झोपेत बुडाली. पुढे ती जागा ओसाड पडली, मग कुणीतरी नाव बदललं.

‘आता कोणाला आठवतंय, काकू? तेवढं वगळून बाकी सगळं सांगा,’ तो म्हणाला.

मी तोंडावर नाही म्हटलं. पण अमेयचा या देशात राहायचा पास त्या नोकरीवर, अनुयाचा जीव त्या पासावर. म्हणून माझ्या जागी अमेय उभा राहिला. माझा इतका संताप झाला की दोन दिवस मी त्या पोराशी धड बोलले नाही.

आपली माणसं जमीन न बघता घेत नाहीत. मग श्रीनिवासनं डोकं लढवलं: तुम्ही जमिनीकडे जाऊ शकत नाही, तर जमीनच तुमच्याकडे आणतो. तिथली मूठभर माती आणि बाटलीभर नदीचं पाणी बॅगेत लपवून आणलं. रविवारी सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये चौरंग मांडला, त्या मातीवर कलश ठेवला, कलशात ते पाणी, वर विड्याची पानं आणि नारळ. गुरुजी मिळाले नाहीत म्हणून मंत्रांची सीडी लावली. यजमान केलं अमेयला. त्यानं तळहातावर पाणी घेऊन ताम्हनात सोडलं आणि या भूमीवर जे कोणी राहतात त्यांनी यावं, आमचा पाहुणचार घ्यावा, असं म्हटलं. आपल्याकडे ही वाक्यं आपण किती सहज म्हणतो. वास्तुदेवता, क्षेत्रपाल… पण त्या भूमीवर कोण राहत होतं, हे तिथे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

आणि बोलावलेल्याला निरोप द्यावा लागतो. उत्तरपूजा करायची, कलशावर अक्षता टाकून ‘आता परत जावं’ म्हणायचं. पण हॉलची वेळ संपली, हॉटेलवाले खुर्च्या उचलायला लागले. अमेयनं कलश तसाच पिशवीत घातला आणि घरी आणून फ्रिजवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून घरात वास यायला लागला. ओल्या कातड्याचा, कुजकट, घशात बसणारा. अनुयानं सगळी कपाटं धुऊन काढली. मग मला भिंतीवर रेघ दिसली. घोट्याएवढ्या उंचीवर, चहाच्या रंगाची, सगळ्या खोल्यांतून सरळ फिरलेली. पुराचं पाणी ओसरल्यावर घरावर राहते ना, तशीच. आपण अकराव्या मजल्यावर राहतो, सविता. अनुयानं पुसली. सकाळी रेघ गुडघ्याशी होती.

अमेयला खोकला लागला. बेसिनमध्ये थुंकला तर तपकिरी पाणी आणि त्यात गाळ. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी आहे, कुठून आलं कळत नाही. रेघ पलंगाच्या गादीला लागली तेव्हा मला उमगलं की हे काय चाललंय. झोपेत ज्या दिवशी ती त्याच्या तोंडावरून जाईल, त्या दिवशी माझा मुलगा आपल्या बिछान्यात बुडेल. मी त्याला खुर्चीत बसून झोपायला लावलं. रेघ खुर्चीच्या पाठीवर चढायला लागली.

मग एका दुपारी घरी मी एकटी होते. बाहेर रणरणतं ऊन, कॉरिडॉर चिडीचूप. स्वयंपाकघरातून हात पुसत आले तर इथे, तू बसली आहेस त्याच्या शेजारच्या खुर्चीत, एक गोरी बाई बसलेली. झगा ओला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळपट तपकिरी, कातड्याच्या रसायनानं रापलेले. पाहुणी बसते तशी अवघडून बसली होती. बोलली इंग्रजीतच, अगदी हळू.

‘आम्हाला बोलावलं… म्हणून आलो. पहिल्यांदा झोपेत बुडवलं. आता आमच्यावर घरं विकतात.’

मी हात जोडले, म्हटलं, आत्ता निरोपाची पूजा करते. तिनं नकारार्थी मान हलवली. मुकाट्यानं परत जायला ती आली नव्हती. ज्यानं बोलावलं त्याला सोबत घेऊन जाणार, म्हणाली.

मग मात्र माझी भीती कुठल्या कुठे गेली. आईपुढे कसलं भूत घेऊन बसलीस? मी म्हटलं, ‘तो नोकर आहे, बाई. विकणारा वेगळा. मी दाखवते.’

‘त्यानं स्वतः बोलवायला हवं,’ ती म्हणाली. ‘स्वतःच्या हातानं.’

खुर्ची रिकामी झाली. खाली पाण्याचं थारोळं तेवढं राहिलं.

मी कलश पिशवीत घातला आणि टॅक्सी करून सेम्बावांगला श्रीनिवासच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, स्मितानं, हळदीकुंकू लावलं. मी तोंडभर हसून म्हटलं, त्या दिवशी चूकच झाली, एवढ्या मोठ्या कामाचे खरे यजमान तुम्ही, आणि मान अमेयला दिला. मोठेपणाला हपापलेला माणूस, लगेच सोवळं नेसून आला. स्मिता ताम्हन धरून उभी राहिली. मी सांगत गेले, तो म्हणत गेला. टॅनर्स बेंडच्या भूमीवर जे कोणी राहतात त्यांनी माझ्या घरी यावं… पाणी त्याच्या बोटांवरून ताम्हनात पडलं, तेव्हा मला कातड्याचा वास आला. त्यालाही आला असावा, कारण त्यानं नाक मुरडलं.

मी उठले. स्मितानं विचारलं, ‘काकू, उत्तरपूजा?’

‘सवडीनं करू,’ मी म्हटलं, आणि कलश तिथेच ठेवून निघाले.

घरी आले तर भिंती स्वच्छ. अमेय त्या रात्री आडवा होऊन झोपला. आठवडाभरात श्रीनिवास गेला. पलंगावर, कोरड्या चादरीत, छातीत नदीचं पाणी भरून. पोलिसांना काही सुधरेना. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. माझ्या पोराचा श्वास मोकळा झाला होता. त्या बुडालेल्या माणसांना त्यांचा माणूस मिळाला होता. जशास तसं, म्हणून मी गोडाचा शिरा केला.

हे सगळं तुला आज का सांगतेय, विचार. तू बेल वाजवलीस त्याच्या थोडं आधी अमेयचा फोन आला होता. म्हणाला, ‘आई, स्मितावहिनी ऑफिसात आल्या होत्या. आपला कलश परत केला. रिकामं भांडं देऊ नये म्हणून पाणी भरून दिलंय.’

मी म्हटलं, हात लावू नकोस, तिथेच ठेव.

‘अगं, त्यांनी माझ्याकडून पूजापण करून घेतली. काकूंनी शिकवलेली आहे म्हणाल्या, शब्द न् शब्द पाठ होता त्यांना. एवढं दुःख झालेल्या बाईला नाही कसं म्हणणार? मी पाणी सोडलं आणि म्हटलं सगळं, जे कोणी आहेत त्यांनी माझ्या घरी यावं.’

स्मिताच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, सविता. उत्तरपूजा केली का, एवढंच कसंबसं विचारलं.

‘सवडीनं करू म्हणाल्या. आणि काळजी करू नकोस, कलश जड आहे, पण एक गृहस्थ टॅक्सीपर्यंत उचलून देतायत. पुढे चाललेत, चेहरा नाही दिसला. मराठीच आहेत. म्हणाले, तुझ्या आईच्या हातची पुरणपोळी खाल्ली आहे…’

तिथे फोन कट झाला. तेव्हापासून लावतेय, तो उचलत नाही.