दोन मिनिटांचं काम

‘टिंग’ करून वॉशिंग मशीन थांबलं आणि दुपारची शांतता मोडली. मी धास्तावून लेकीकडे पाहिलं. कूस बदलून ती पुन्हा झोपली. असा रिकामा अर्धा तास हाती आला की हटकून तो आठवतो…

भेटला सर्व्हर रूममध्ये. मी शेजारच्या टीममधली प्रोग्रॅमर. उकाड्यानं जीव हैराण झाला, म्हणून ऑफिसातल्या सगळ्यात गार खोलीत शिरले होते. तिथे एक किडकिडीत माणूस स्क्रीनवर धावणाऱ्या ओळींकडे टक लावून बसलेला.

“काय चाललंय?”

“वेबसर्व्हर बसवतोय. अगदी मुळापासून, सोर्स कोडवरून.”

“तयार पॅकेज मिळतं की. दोन मिनिटांचं काम.”

“मिळतं. पण त्यात सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. हा मी मला हवा तसा बांधतोय. चाळीस मिनिटं लागतात.”

“हौसेला मोल नाही म्हणतात, ते हेच.”

तेव्हा कुठे त्यानं वळून पाहिलं… आणि दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

ओळी थांबल्या, तेव्हा कळलं – सुरक्षित जोडणीचा पर्याय द्यायलाच स्वारी विसरली होती. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

“विसरलात, की…”

त्याचे कान लाल झाले. “अजून चाळीस मिनिटं. थांबाल?”

थांबले. ती थांबलेच.

आता तो समुद्रापलीकडे आहे. सहा महिन्यांसाठी म्हणून गेला, त्याला पंधरा झाले. तिथले सगळे सर्व्हर त्यानं असेच हातानं बांधलेत. नवी दुरुस्ती आली की पुन्हा त्यानंच बांधायचे. दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून साहेब सोडत नाहीत. ज्या हट्टावर मी भाळले, तोच आता माझी सवत होऊन बसलाय.

फोन थरथरला. त्याचाच.

“जेवलीस?”

“हो. तू?”

“ऐक ना…” तो घुटमळला. “सगळं काढून टाकतोय. तयार पॅकेजं बसवतो. मग कुणीही सांभाळेल.”

वर्षभराची त्याची मेहनत होती ती.

“आणि तुला हवं तसं?”

“मला हवं ते इथं कुठाय…”

मी डोळे पुसले. “किती दिवस लागतील?”

“गुंता फार आहे गं. आठवडा… नाहीतर दोन महिने. खरंच सांगता येत नाही.”

“ये,” एवढंच म्हणाले मी.

फोन ठेवला, तर लेक उठून बसलेली. गालावर उशीचे वळ.

“बाबा होता?”

“हो. येणारे तो.”

तिनं दोन्ही हातांची बोटं माझ्यासमोर पसरली.

“किती वेळा झोपलं की येईल?”