उपाशीपोटी यावे

यशवंत देगलूरकरच्या नाकाला चिमटा लागला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि चिमटा लावणारीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. प्रेमाची सुरुवात याहून बरी होऊ शकते. पण आबिड्समधल्या त्या तपासणी-खोलीत तशी सोय नव्हती.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्याची वाटणी ठरली, मराठी कारकुनांच्या बदलीच्या याद्या लागू लागल्या आणि मलकपेठेत सुशीलाबाईंच्या खाणावळीतली पानं एकेक करून उठली. पंचवीसची चार झाली. मग सुशीलाबाईही लेकीकडे परभणीला गेल्या. मागे राहिला यशवंत. त्याचं नाव अजून लागायचं होतं. तो सकाळी इराण्याकडे चहा-बिस्किट खाई आणि संध्याकाळी, बदल म्हणून, बिस्किट-चहा.

दोन महिन्यांत हात गार पडू लागले, फायलीवर डुलकी येऊ लागली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: स्वस्थ पडलेलं शरीर किती प्राणवायू जाळतं ते मोजून आणा. उपाशीपोटी यावे.

"तोंडानं श्वास घ्या. हलायचं नक्को. मनात काही आणू नका," चिमटा लावून तोंडात यंत्राची नळी देत ती म्हणाली आणि नाडी मोजायला तिनं त्याचं मनगट धरलं.

खाणावळ उठल्यापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता. यंत्राच्या कागदावर प्राणवायूची रेघ भराभर चढू लागली…

"खाऊन आलात?" नळी काढत तिनं विचारलं.

"नाही हो! आईशप्पथ."

"मग आकडा असा कसा? उद्या परत या."

दुसऱ्या दिवशीही रेघ चढली. तोवर त्याला तिचं नाव कळलं होतं — वासंती.

"खरं सांगा, इराण्याकडे गेला होतात ना?"

"नाही. पण… नाडी दुसऱ्या कुणी धरली तर बघा."

वासंतीनं कागदाकडे बघितलं, मग खिडकीकडे. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. प्रेमात पडून येऊ नये, असं चिठ्ठीत छापलेलं नव्हतं; चूक छापखान्याची.

तिसऱ्या दिवशी ती पडद्यामागे बसली. खोलीत नुसती यंत्राची धाप. रेघ हळूहळू चालली, इतकी हळू की वासंतीच उठून आली.

"घरी जेवताना सोबत कोण असतं?"

"भिंत."

"काय म्हणते?"

"तीही हल्ली कमीच बोलते."

ती हसली नाही. स्टूल ओढून बसली. "बघा, कोळसा संपत आला की शहाणी बाई शेगडी मंद करते. शरीर तेच करतं. तुम्ही उपाशी ठेवता, ते जाळणंच कमी करतं. म्हणून थंडी, म्हणून सुस्ती. बिस्किटं म्हणजे कागद, भुर्रकन जळतात. वेळेवर ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, दही. अंडं चालतं?"

"हौ, चालतं."

"मग रोज एक. आणि चालत जा, निखारा फुलतो." तिनं सगळं चिठ्ठीवर लिहिलं. शेवटी जरा थांबून आणखी एक ओळ: *शक्यतो एकट्याने जेवू नये.*

खिडकीत तिचा डबा होता, अर्धा तसाच. त्यानं विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर जेवता?"

"रजिस्टरबरोबर," वासंती म्हणाली. "आई गेली. बाबांना ऐकू येत नाही, ते आधीच जेवून घेतात."

मग बरोबरच जेवू, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण सोमवारी अहवाल न्यायला यायचंच होतं; तेव्हा सांगू, असं त्यानं ठरवलं. शनिवारी यादी लागली: औरंगाबाद, तातडीने. सोमवारी वासंतीनं बारा वाजेपर्यंत दाराकडे पाहिलं असेल. यशवंत तेव्हा गाडीत होता.

औरंगाबादेत तो शहाण्यासारखा वागला. भाकरी, वरण, अंडं. बरोब्बर साडेबाराला डबा उघडायचा, कारण वासंतीच्या हिमायतनगरच्या घरून आलेला एक डबा आबिड्सच्या खिडकीत तेव्हाच उघडत असणार. वजन सहा पौंड वाढलं. पण समोर इथेही भिंतच.

जानेवारीत त्यानं वासंतीला कार्ड टाकलं. नमस्कार, वजन, पालेभाजी, हवापाणी, आणि सगळ्यात खाली, जागा संपता संपता: "तुमचं एक पथ्य तेवढं पाळता येत नाही. शेवटचं."

आठव्या दिवशी उत्तर आलं. पोस्टकार्डाची सगळी पाठ कोरी, मध्ये एकच शब्द.

"मलाही."

यशवंतनं ते चौदा वेळा वाचलं. नाडी मोजायला तिथे कुणी नव्हतं. मग उठून त्यानं रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं — जेवायला.